मूठभर धान्य आणि हिशेबाची वही

श्रोतेहो, आडतीवर माल घालून घरी परतणाऱ्या शेतकऱ्याच्या हातात पूर्वी एक पट्टी असे. मालाचे वजन, भाव, हमाली, तोलाई, अडत असे आकडे त्या पट्टीवर एकाखाली एक मांडलेले असत. त्यातच कुठेतरी 'धर्मादाय' असा एक शब्द असे आणि त्याच्यापुढे थोडेसे पैसे लावलेले असत. शेतकऱ्याला वाटे, हमालीसारखाच हाही एक खर्च. पण तो खर्च नव्हता. ते त्याने केलेले दान होते. पांजरपोळ, पाणपोई, धर्मशाळा, पाठशाळा अशा कामांसाठी म्हणून ते पैसे कापले जात. देणारा होता शेतकरी. नाव होई पेढीचे. आणि ते पैसे पुढे कुठे गेले, असे विचारायची रीतच नव्हती.

नफ्यासाठी न चालणाऱ्या, लोकांच्या भल्यासाठी चालणाऱ्या संस्था आपल्या देशात कशा उभ्या राहिल्या, ते आज आपल्याला पाहायचे आहे. देश मोठा, संस्था असंख्य. तेव्हा बहुतेक उदाहरणे मी आपल्या महाराष्ट्रातली घेणार आहे. ऐकताना दोन प्रश्न तेवढे मनात ठेवा. संस्थेचा पैसा कुणाचा? आणि त्याचा हिशेब कुणापुढे? माझ्या मते या सगळ्या इतिहासाची किल्ली या दोन प्रश्नांत आहे.

राजाचे दान, शेटजींचे दान

दान आपल्याकडे जुनेच आहे. अहिल्याबाई होळकरांनी काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या हे आपण शाळेतच शिकतो. पुण्याला श्रावण महिन्यात पेशवे विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. हे सगळे दान देणाऱ्याच्या मर्जीवर चाले. दाता चांगला तर दान चांगले. दाता गेला की पुढच्याच्या मनात असेल तसे.

या दक्षिणेचीच पुढची हकीकत ऐकण्यासारखी आहे. १८१८ साली पेशवाई गेली. इंग्रजांनी दक्षिणा एकदम बंद केली नाही. त्या पैशातला काही भाग काढून १८२१ साली पुण्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. मग १८४९ च्या सुमारास पुण्यातल्या काही तरुण मंडळींनी अर्ज केला, की दक्षिणेचा काही पैसा मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्यावा. गावात मोठी खळबळ झाली. जुन्या मंडळींना हा धर्मावर घाला वाटला. पण शेवटी १८५१ साली मराठी पुस्तकांना बक्षिसे देणारी दक्षिणा प्राइझ कमिटी निघालीच. गोष्ट दिसायला लहान आहे. पण दानाचा पैसा लोकांच्या उपयोगाला लागावा आणि कसा लागावा हे बोलायचा हक्क लोकांना आहे, ही कल्पना इथे उघडपणे पुढे आली.

त्याच काळात मुंबईत व्यापाऱ्यांनी मोठमोठी दाने दिली. सर जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून जे. जे. रुग्णालय उभे राहिले; ते १८४५ साली सुरू झाले. त्यांच्या पत्नी आवाबाई यांनी दीड लाखावर रुपये दिले आणि त्याच साली वांद्रे व माहीम यांच्यामधल्या खाडीवर रस्ता झाला. त्याआधी लोक होडीने ती खाडी ओलांडत, आणि होड्या बुडून माणसे मरत. पुण्याचे ससून रुग्णालय डेव्हिड ससून यांच्या देणगीतले. हे पारशी, ते यहुदी. पण दवाखान्याच्या दारात जात-धर्म विचारायचा नाही, ही रीत त्यांनी घालून दिली.

१८६० साली संस्था नोंदणीचा कायदा झाला. सात माणसांनी एकत्र यावे, हेतू लिहून काढावा, नियम करावेत आणि नोंदणी करावी. कायदा दिसायला रूक्ष. पण त्यामुळे एक मोठी गोष्ट झाली. काम एका माणसाच्या आयुष्याला बांधलेले राहिले नाही. माणूस गेला तरी संस्था राहू शकते, असे कागदावर मान्य झाले.

दुष्काळाने शिकवलेला धडा

संस्थांची खरी परीक्षा झाली ती १८७६-७७ च्या दुष्काळात. जनावरे गेली, माणसे गेली, गावेच्या गावे ओस पडली. पुण्याची सार्वजनिक सभा १८७० साली निघालेली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले 'सार्वजनिक काका', हे तिचे मुख्य कार्यकर्ते. या सभेने दुष्काळी जिल्ह्यांत आपली माणसे पाठवली. कुठे काय परिस्थिती आहे, दुष्काळी कामांवर मजुरी किती मिळते, माणसे का मरतात, हे गावोगाव फिरून लिहून घेतले आणि सरकारपुढे मांडले. अन्न वाटणे हे पुण्यच. पण अन्न का मिळत नाही हे नोंदवून सरकारला जाब विचारणे, हेही संस्थेचे काम असते, हे इथे दिसले.

दुसरीकडे जोतीराव फुले आणि त्यांचा १८७३ साली स्थापन झालेला सत्यशोधक समाज कामाला लागला होता. धनकवडीला दुष्काळातल्या मुलांसाठी त्यांनी बालाश्रम चालवला आणि १८७७ च्या मे महिन्यात मदतीसाठी लोकांना विनंतीपत्रक काढले. सावित्रीबाई त्या काळात जुन्नरकडे ओतूरला होत्या. तिथली हलाखी त्यांनी जोतीरावांना पत्रातून कळवली. पुढे वीस वर्षांनी प्लेग आला. मुलगा यशवंत डॉक्टर झालेला. त्याच्या दवाखान्यात सावित्रीबाई रोग्यांची सेवा करत होत्या. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्या वेळी त्यांचे वय सहासष्ट होते.

याच सुमाराला दुष्काळातून वाचवून आणलेल्या मुलींसाठी पंडिता रमाबाईंनी दौंडजवळ केडगावला 'मुक्ती' ही वसाहत उभी केली. शेकडो मुली आणि बायका तिथे राहिल्या. त्यांना नुसते जेवू घालून रमाबाई थांबल्या नाहीत. शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना अशी कामे मुलींच्या हातात दिली. छापखान्यात खिळे जुळवणारी मुलगी ही त्या काळात केवढी नवलाची गोष्ट असेल, याची कल्पना करा. रमाबाई ख्रिस्ती झाल्या म्हणून पुष्कळ लोक त्यांच्यावर रागावले. पण दुष्काळात रस्त्यावर पडलेल्या पोरीला कुणी उचलले, या प्रश्नाला इतिहासात त्यांचेच नाव उत्तर म्हणून येते.

पगार कमी घेणारी माणसे

संस्थेला पैसा लागतो, तसा माणूसही लागतो. दान पैशाचेच असते असे आपण धरून चालतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात आयुष्य दान करण्याची एक नवी रीत पडली.

डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ साली निघाली. तिच्या आजीव सदस्यांनी ठरवले, की वीस वर्षे थोड्या पगारावर शिकवायचे. गोपाळ कृष्ण गोखले त्यातलेच एक. फर्ग्युसन कॉलेजच्या इमारतीसाठी ते सुटीत गावोगाव फिरून देणग्या मागत. याच गोखल्यांनी १९०५ साली भारत सेवक समाज काढला. देशाच्या कामाला आयुष्य वाहिलेली माणसे तयार करायची, हा त्याचा हेतू. या समाजात आलेले अमृतलाल ठक्कर हे मुंबई नगरपालिकेत इंजिनिअर होते. १९१४ साली चांगली नोकरी सोडून ते आले आणि पुढे गुजरातेत दाहोदला भिल्ल सेवा मंडळ काढून आदिवासी मुलांच्या शाळा-आश्रमांत रमले. लोक त्यांना प्रेमाने ठक्करबाप्पा म्हणू लागले. समाजाच्याच गोपाळ कृष्ण देवधरांनी रमाबाई रानड्यांच्या बरोबरीने १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे केले. मोठ्या वयाच्या बायकांना शिकवून शिक्षिका आणि परिचारिका करणे हे त्याचे काम. आणखी एक नाव घ्यायलाच हवे. विठ्ठल रामजी शिंदे. १९०६ साली त्यांनी मुंबईत अस्पृश्य मानलेल्या समाजाच्या शिक्षणासाठी मिशन काढले आणि आपला संसारही त्या वस्तीत नेला.

धोंडो केशव कर्व्यांची गोष्ट थोडी सविस्तर सांगतो. कोकणातल्या मुरुड गावचा हा माणूस. १८९३ साली त्यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केले म्हणून गावाने त्यांना वाळीत टाकले. १८९६ साली त्यांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला. पुण्यात प्लेग आला तेव्हा आश्रम गावाबाहेर न्यायची वेळ आली. रावबहादूर गोखले नावाच्या गृहस्थांनी हिंगण्याला सहा एकर जमीन दिली आणि झोपडीसाठी साडेसातशे रुपये दिले. १९०० साली त्या झोपडीत आश्रम गेला. कर्वे दिवसा फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत आणि काम संपले की माळरानातून चिखल तुडवीत हिंगण्याला चालत जात. सुटी लागली की वर्गणीची पावती-पुस्तके घेऊन बाहेर पडत.

गोदूबाईंची बहीण पार्वतीबाई आठवले याही विधवा. त्या आश्रमात शिकल्या आणि मग आश्रमासाठी वर्गणी मागत हिंडू लागल्या. इंग्रजी धड येत नसताना अमेरिकेला गेल्या; तिथे लोकांच्या घरी काम करून राहिल्या आणि संस्थेसाठी पैसे मागितले. कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढले. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्याला पंधरा लाख रुपये द्यायचे कबूल केले आणि त्यांच्या आईचे नाव विद्यापीठाला लागले. पण ध्यानात घ्या, पंधरा लाखांच्या आधी वीस-पंचवीस वर्षे चार-चार आण्यांच्या पावत्या फाडल्या गेल्या होत्या. ज्या झाडाला मुळे होती, त्याला ते पाणी मिळाले.

आणि खेड्यातल्या श्रोत्यांसाठी मुद्दाम सांगतो. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, १९३६ साली, या माणसाने आणखी एक मंडळ काढले. ज्या खेड्यांत शाळाच नाही तिथे प्राथमिक शाळा काढायच्या, एवढेच त्याचे काम. आपल्या पेन्शनीतून त्यांनी त्याला मदत सुरू केली आणि पुन्हा वर्गणी मागायला निघाले.

पैसा फंड ते मुष्टिफंड

विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे या गृहस्थांनी एक साधी कल्पना काढली. प्रत्येकाने देशाच्या उद्योगधंद्यासाठी एक पैसा द्यावा. फक्त एक पैसा! हाच 'पैसा फंड'. लोकमान्य टिळकांनी तो उचलून धरला. जत्रेत, सभेत, बाजारात स्वयंसेवक पैसे गोळा करत. त्यातून १९०८ साली तळेगाव दाभाड्याला काचेचा कारखाना निघाला. परदेशी काचेवर अवलंबून असलेल्या देशात तिथे तरुणांना काच करायचे शिक्षण मिळाले आणि शिकलेले कारागीर ठिकठिकाणच्या कारखान्यांत पोचले. ज्याने पैसा दिला, तो उद्या कंदिलाची काच हातात घेऊन म्हणू शकत होता, 'यात माझा पैसा आहे.'

हेच काम शिक्षणात केले भाऊराव पाटलांनी. १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातल्या काले या गावी सत्यशोधक समाजाच्या परिषदेत त्यांनी रयत शिक्षण संस्थेची घोषणा केली. १९२४ साली संस्था साताऱ्याला आली आणि तिथे वसतिगृह सुरू झाले. मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन, ब्राह्मण अशी सगळ्यांची पोरे एका पंगतीला. त्या काळात हे फार मोठे धाडस होते. १९२७ साली महात्मा गांधींनी येऊन या वसतिगृहाला शाहू छत्रपतींचे नाव दिले.

एवढ्या पोरांना जेवायला घालायचे कुठून? भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने एकेक करून मोडले आणि एकदा पोरांच्या धान्यासाठी मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्या वारल्या. संस्थेचा पाया घालणाऱ्यांत पहिले नाव त्यांचे घ्यावे, असे मला वाटते.

दुसरी वाट होती मुष्टिफंडाची. मूठ म्हणजे मुष्टी. घरच्या बाईने जात्यावर दळायला बसताना एक मूठ धान्य बाजूच्या मडक्यात टाकायचे. आठवड्याला पोरे ते गोळा करून नेत. एका मुठीने घरातली भाकरी कमी पडत नाही. पण शंभर घरांच्या मुठी एकत्र आल्या की पोती भरतात. 'थेंबे थेंबे तळे साचे' ही म्हण आपण पाठ करतो. इथे ती जेवणाच्या ताटात उतरली. त्यातला खरा लाभ धान्यापेक्षाही वेगळा होता. ज्या बाईने रोज मूठ टाकली, तिला ती शाळा आपली वाटू लागली. तिचे पोर उद्या त्या वसतिगृहात जायला बिचकत नव्हते. ते दुसऱ्याच्या दारी जात नव्हते. आईने टाकलेल्या मुठीवर जात होते.

१९३८ नंतर भाऊरावांनी व्हॉलंटरी शाळा काढल्या. देऊळ, चावडी, कुणाची ओसरी, जिथे जागा मिळेल तिथे शाळा. गावाने जागा द्यायची, मास्तराची सोय पाहायची. अशा पाचशेहून अधिक शाळा डोंगरकपारीतल्या गावांत निघाल्या. पोरांनी श्रम करायचे आणि शिकायचे, म्हणजे 'कमवा आणि शिका', हा त्यांचा मंत्र. साताऱ्याच्या कॉलेजातही तो चालू राहिला.

एक प्रसंग मात्र विसरता कामा नये. स्वातंत्र्यानंतर थोड्याच दिवसांत भाऊरावांचे राज्यकर्त्यांशी बिनसले आणि संस्थेचे सरकारी अनुदान थांबले. शाळा चालवायच्या कशा, हा प्रश्न पडला. त्या वेळी गाडगेबाबांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडे शब्द टाकला आणि अनुदान पुन्हा सुरू झाले. अनुदान हा रयतेच्याच कराचा पैसा, तो मिळायलाच हवा. पण ज्या संस्थेचे सगळे पाणी एकाच पाटाने येते, तिचे शेत पाट बंद झाला की वाळते. अडचणीच्या दिवसांत संस्था तगते ती गावच्या मुठीवर.

बाबांचा कागद

गाडगेबाबांचे नाव निघालेच आहे. डेबूजी झिंगराजी जानोरकर हे त्यांचे मूळ नाव. जन्म १८७६ साली, अमरावती जिल्ह्यात. हातात खराटा, डोक्यावर गाडगे, अंगावर चिंध्या. दिवसा गाव झाडायचे, रात्री कीर्तन करायचे. बाबांना लिहिता-वाचता येत नव्हते. पण पंढरपूर, नाशिक, आळंदी, मुंबई अशा ठिकाणी त्यांच्या शब्दावर लोकांनी लाखो रुपये दिले आणि धर्मशाळा, अन्नछत्रे उभी राहिली. पंढरीच्या वाटेवर अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्याला टेकायला जागा मिळत नसे. त्यांच्यासाठी बाबांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि पुढे १९४९ साली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली.

आता मुद्द्याची गोष्ट. निरक्षर बाबांनी प्रत्येक कामाचा विश्वस्त मंडळ करून कागद केला. आपल्या नातेवाइकांचा यावर हक्क नाही, ही गोष्ट त्यांनी पक्की करून ठेवली. एवढ्या इमारती उभ्या केल्या. स्वतःचे घर मात्र बांधले नाही. ज्याला अक्षर येत नव्हते, त्याला हे पुरते कळले होते की लोकांचा पैसा तोंडी भरवशावर ठेवायचा नसतो. २० डिसेंबर १९५६ रोजी बाबा गेले. कामे चालू राहिली, कारण कागद पक्का होता.

घेणारा जेव्हा देणारा होतो

दानाला एक दोष चिकटतो. देणारा वर बसतो आणि घेणारा खाली. हा दोष कसा घालवावा, याचा एक पाठ चंद्रपूर जिल्ह्यात वरोड्याजवळ आनंदवनात मिळतो. बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली. १९५१ साली खडकाळ, झाडोऱ्याच्या जागेवर ते कुटुंबासह राहायला गेले. बरोबर सहा रोगी, एक लंगडी गाय आणि खिशात चौदा रुपये. रोग्यांनीच विहीर खणली, रोग्यांनीच जमीन नांगरली. धान्य पिकले, भाजी पिकली. वरोड्याचे लोक आधी ती भाजी घ्यायला कचरत. हळूहळू भीती गेली. आणि १९६४ साली काय झाले? आनंदवनाने वरोड्याच्या परिसरातल्या मुलांसाठी कॉलेज काढले. ज्यांना गावाने वेशीबाहेर घालवले होते, त्यांनी गावाच्या पोरांना कॉलेज दिले! याहून मोठी परतफेड मला माहीत नाही.

शिक्षक बंधु-भगिनींना कोसबाडची गोष्ट माहीत असेलच. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली ठाणे जिल्ह्यात बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले. पुढे त्या आणि अनुताई वाघ कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये गेल्या. मुले शाळेत येत ना. का? तर ती गुरे राखायला जात. ताराबाई म्हणाल्या, मग शाळाच गुरांमागे जाऊ दे. अशी 'कुरणशाळा' निघाली. लहान मुलांसाठी पाड्यातल्या अंगणात बालवाडी भरवली, तिचे नाव 'अंगणवाडी'. १९७५ साली भारत सरकारने एकात्मिक बालविकास योजना काढली, तेव्हा हाच शब्द घेतला. आज देशभर ज्या अंगणवाड्या आहेत, त्यांच्या नावाचा उगम आपल्या एका छोट्या संस्थेत आहे.

तसेच जामखेडचे. १९७० साली रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर जोडप्याने तिथे काम सुरू केले. त्यांनी गावातल्याच कमी शिकलेल्या बायकांना निवडले, शिकवले आणि गावाच्या आरोग्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकली. गर्भारणीची काळजी, मुलांचे वजन, शुद्ध पाणी, हे सगळे या बायका पाहू लागल्या. आज गावोगाव आशा ताई दिसतात, ती वाट अशा प्रयोगांनी आधी चालून दाखवली. सरकारचा पसारा मोठा, म्हणून ते सावकाश वळते. संस्था लहान, म्हणून ती चूक-दुरुस्ती करत पुढे जाऊ शकते. या दोघांची जोडी जमली की काम देशभर पोचते.

वहीत काय लिहिले आहे?

आता पुन्हा आडतीच्या पट्टीकडे वळू. १९५० साली मुंबई राज्यात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा झाला. आता तो महाराष्ट्राच्या नावाने चालतो. देवस्थान असो, शाळा असो, दवाखाना असो, सार्वजनिक न्यास म्हटला की धर्मादाय कार्यालयात नोंदणी, विश्वस्तांची नावे, मालमत्तेची यादी, दरसाल तपासलेला हिशेब, हे सगळे आले. आयुक्तांच्या परवानगीवाचून न्यासाची जमीन विकता येत नाही. आणि याच कायद्यात 'धर्मादा'साठी वेगळे कलम आहे. व्यापाराच्या रिवाजाने गिऱ्हाइकाकडून जो धर्मादाय कापला जातो, त्याचा व्यापारी मालक नाही. तो विश्वस्त आहे. त्याने त्याचा हिशेब दिला पाहिजे. म्हणजे ज्या चार पैशांबद्दल शेतकऱ्याला कुणी विचारत नव्हते, ते त्याचे दान आहे आणि त्याचा हिशेब देणे लागते, हे कायद्याने लिहून ठेवले.

मोठ्या धर्मादाय रुग्णालयांचेही तसेच. २००६ सालापासून उच्च न्यायालयाने ठरवलेली योजना लागू आहे. त्यांनी दहा टक्के खाटा निर्धन रोग्यांना मोफत आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांतल्या रोग्यांना सवलतीच्या दराने दिल्या पाहिजेत. ही मेहेरबानी नव्हे. धर्मादाय म्हणून त्यांना सवलती मिळतात, त्यामागची ही जबाबदारी आहे. गावातल्या किती लोकांना हे ठाऊक आहे? दवाखान्यात गेल्यावर कागदपत्रे दाखवून हे मागावे लागते. शिक्षकांनी एवढी माहिती चावडीवर वाचून दाखवली, तरी एखाद्याचे घर विकायचे वाचेल.

सगळ्या संस्था कर्व्यांच्या आणि भाऊरावांच्या वाटेने गेल्या, असे मात्र कुणी समजू नये. संस्था एका घराण्याची झाली, सभासदांची यादी पुढे सरकेना, सर्वसाधारण सभा कागदावरच झाली, प्रवेशासाठी वेगळी 'देणगी' मागितली गेली, असे प्रकार आपण सगळ्यांनी पाहिले-ऐकले आहेत. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना आपल्या नफ्यातला दोन टक्के भाग समाजकार्यासाठी खर्च करणे भाग पाडले. हा पैसा चांगलाच आहे. पण एक धोका ओळखून असावे. मोठा धनादेश एकदम आला की मूठ मागायला कुणी दारोदार जात नाही. दारोदार जाणे थांबले की गावाशी बोलणे थांबते. आणि बोलणे थांबले की, 'हिशेब दाखवा' असे म्हणणाराही कुणी उरत नाही.

म्हणून माझे सांगणे एवढेच आहे. तुमच्या गावात वाचनालय असेल, शाळेची संस्था असेल, देवस्थान असेल, तर तिचे सभासद व्हा. वर्गणी थोडी का असेना, ती द्या आणि पावती घ्या. वर्षाच्या सभेला जाऊन बसा. जमाखर्च वाचला जाईल तेव्हा न समजलेला आकडा विचारा. विचारणे म्हणजे भांडण नव्हे आणि संशयही नव्हे. ज्याचे धान्य मडक्यात पडले आहे, त्याने मडके पाहायला मागावे, यात वावगे काही नाही. प्रामाणिक कार्यकर्त्याला तर असे विचारणारे हवेच असतात. त्याचीही त्याने पाठराखण होते.

शिक्षकांना एक काम सुचवतो. आपल्या गावच्या संस्थेची पहिली वही शोधून काढा. पहिली वर्गणी कुणी दिली, कुणी जागा दिली, कुणी बैलगाडीने दगड वाहून आणले, कोणत्या म्हातारीने पायली धान्य दिले, हे मुलांकडून लिहून घ्या. वही सापडली नाही तर गावातल्या वृद्धांना विचारा. इतिहासाचा याहून चांगला धडा छापील पुस्तकात मिळणार नाही. राजांच्या लढाया मुलांनी जरूर वाचाव्यात. पण आपण ज्या बाकावर बसतो, तो बाक कुणाच्या मुठीतून आला, हेही त्यांना कळले पाहिजे. ज्या मुलाला हे कळेल, ते उद्या मोठे होऊन त्या संस्थेच्या सभेत मागच्या रांगेत गप्प बसणार नाही.

श्रोतेहो, आपल्या देशात राजांनी दिले, शेटजींनी दिले, सरकारनेही दिले. पण ज्या संस्थांना लोक आजही 'आपली' म्हणतात, त्यांच्या पहिल्या पानावर बहुधा लहान लहान आकडे सापडतात. एक पैसा, चार आणे, एक पायली जोंधळे. ते आकडे लिहून ठेवणारा कुणीतरी होता आणि ते वाचून दाखवणाराही कुणीतरी होता. तेवढे दोघे आपल्या गावात आजही निघावेत, एवढी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो. नमस्कार.